पिंपाची छाती एकोणतीस

३ मार्च

टाचणी,

पोचले. गाडीत खिडकी मिळाली, पण शेजारी बोलणारं कुणी मिळालं नाही, त्यामुळे प्रवास फुकट गेला. तुझ्या मोठ्या आत्याने मला पलंगावर बसवून पायाखाली तीन उशा दिल्या आहेत आणि दर अर्ध्या तासाने येऊन "आता कसं वाटतंय गुडघ्याला?" असं विचारते. शेवटी म्हटलं, गुडघ्यालाच विचार.

आता कामाचं. मंडळाचे सव्वीस कोट. ती गाणारी माणसं तीन एप्रिलला दौऱ्यावरून येतील आणि पाच तारखेला स्पर्धेत उभी राहतील. मधला एक दिवस कोट अंगात घालून बघायला. म्हणजे त्यांना पुन्हा मापाला बोलवायची सोय नाही. गरजही नाही. तू तापाने पडली होतीस त्या तीन दिवसांत मी एकेकाला उभं करून माप घेतलं आणि कॉम्प्युटरच्या शीटमध्ये माझ्या हाताने भरलं. डावीकडे नाव, पुढे खांदा, छाती, कंबर, बाही, उंची. वहीत का नाही, असं विचारू नकोस. वर्षभर तूच डोकं खाल्लंस, "आत्या, वह्या बंद कर, आत्या, शीट शिक." शिकले. तू त्या शीटमध्ये हात घालू नकोस. बघायचं आणि कापायचं.

ठरलेलं पुन्हा लिहिते, म्हणजे नंतर "तू असं म्हणालीच नव्हतीस" नको. सव्वीसही कोट नीट बसले तर दुकान तुझं. पाटीवर नावही तुझं. नाही बसले तर शेजारचा पडदेवाला जागा मागतोच आहे. त्याला देऊन टाकीन आणि मग तू त्याच्याकडे पडद्यांना रिंगा लाव.

फोन करू नकोस. इथे फोन वाजला की तुझी मोठी आत्या आधी उचलते, मग शेजारी बसून ऐकते आणि वर दोन्हीकडच्यांना सल्ला देते. पत्र लिही.

शीट उघडल्यावर काही वेगळं वाटलं तर कळव. वाटणार नाही म्हणा.

आत्या

*

६ मार्च, दुपारी
(समोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या शटरखालून सरकवलेली चिठ्ठी)

दादा,

तुमचं दुकान बंद आणि इथे माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

मोठे कोट आधी बेतायचे आणि लहान कोट उरलेल्या कापडातून काढायचे, ही आमच्या दुकानातली पद्धत. म्हणून मी शीट उघडल्या उघडल्या छातीप्रमाणे क्रम लावला, सगळ्यात मोठी छाती वर. पण निवडताना नावांचा रकाना बाहेर राहिला. मापांच्या ओळी खाली-वर झाल्या आणि नावं जागच्या जागी बसून राहिली. मला हे कळलं तेव्हा मी सेव्ह केलं होतं, मापांचा कागद छापला होता, फाईल बंद केली होती आणि वर चहाही करून घेतला होता. आता माझ्याकडे सव्वीस मापं आहेत, सव्वीस नावं आहेत आणि कुणाचं कुठलं ते देवाला माहीत. मागे घ्यायचं बटण दाबून पाहिलं. फाईल एकदा बंद केली की ते सगळं विसरतं म्हणे.

हे कोट चुकले तर दुकान पडदेवाल्याकडे जाईल आणि मी रिंगा लावीन. आत्याला यातलं अवाक्षर कळता कामा नये. तुम्हाला तुमच्या स्क्रूड्रायव्हरची शपथ आहे.

समोरची

(त्याच चिठ्ठीच्या मागे, ७ मार्च)

ताई, आत्ता गाडी पकडतोय, बहिणीकडे चाललोय. पंधराला येईन. तोवर त्या फाईलला हात लावू नका. उघडू नका आणि पुन्हा सेव्ह तर अजिबात करू नका. तुमच्या मशीनमध्ये मी एक सोय करून ठेवलीय. दर वेळी सेव्ह केलं की त्याच्या आधीची प्रत बाजूला पडते. एकच प्रत, बरं का. कुठे पडते ते शोधत बसू नका, नाहीतर तीही हाती लागायची नाही. शपथ कशाला, मी कुणाचं कुणाला सांगत नाही.

*

८ मार्च

आत्या,

इकडे सगळं झकास. कापड आलं. गडद निळं आहे आणि हाताला गार लागतं. शिलाईवाल्या तिघी वेळेवर येतात. खरं सांगायचं तर तू असताना यायच्या त्यापेक्षा जास्तच वेळेवर. शीट तर काय बोलावं! इतकी सुबक शीट मी कुणाची पाहिली नाही.

आता जरा गप्पा मारू. मी ताप घेऊन पडले आणि मंडळ मला पाहायलाच मिळालं नाही. चौकातल्या जाहिरातीवर त्यांचा फोटो आहे, पण त्यात सगळे त्या जुन्या झग्यांत उभे आहेत, तंबूतून डोकी काढल्यासारखे. काही कळत नाही. कोट शिवताना माणूस डोळ्यांसमोर हवं, हे तूच सांगतेस ना? मग सांग ना, मंडळात सगळ्यात आडवं कोण? त्याच्याखालोखाल कोण? आणि सगळ्यात बारीक कोण? आपण दुकानात ठेवतो तशी टोपणनावं तू ठेवली असशीलच, ती लिही, आणि सोबत खरं नाव. म्हणजे ओळख झाल्यासारखं वाटेल.

सहज आपलं.

गुडघा कसा आहे? मोठ्या आत्याला नमस्कार. तिने हे पत्र वाचलं असेल तर तिला दोन नमस्कार.

तुझी टाचणी

*

११ मार्च

टाचणी,

"सहज आपलं" हे तुझ्या तोंडी शोभत नाही. तू आयुष्यात सहज फक्त शिंकली आहेस. शीटमध्ये काही खटकलं का? खटकलं असेल तर सरळ विचार. नसेल खटकलं तर उगाच खणत बसू नकोस.

आता विचारलंच आहेस तर सांगते. सगळ्यात आडवा पिंप. खालच्या पट्टीत गातो, आणि तो बोलला की माझ्या टेबलावरच्या टाचण्या हलतात. माप घेताना म्हणाला, "बाई, मी श्वास सोडतो, मग घ्या माप, म्हणजे कमी येईल." श्वास सोडला, काही कमी आलं नाही. त्याच्याखालोखाल दरवाजा. हा पोटाने नाही, खांद्याने रुंद. आडवा होऊनच आत आला. मग बेकरीवाली. तिला वाटतं आपली जाडी कुणाला कळत नाही, पण ती हात वर करून उभी राहिली की सगळं कळतं. शिडी म्हणजे सगळ्यात उंच मुलगी. हातांना अंत नाही, बाही मोजता मोजता मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. टपालवाल्याचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. तीस वर्षं त्या खांद्याला पिशवी लटकवली त्याने, विसरू नकोस. सगळ्यात बारीक चिमणी. वरच्या पट्टीत गाते आणि अंगात आवाजाशिवाय दुसरं काही नाही. तिच्या जरा वर छडी, म्हणजे त्यांची म्होरकी. स्वतः काडीसारखी आणि कोट मात्र ढगळ हवा म्हणते. ऐकू नकोस.

आणि दोघी आहेत, मी त्यांना अबोला म्हणते. एकाच अंगाच्या, बहिणी नव्हेत, मैत्रिणी होत्या. कुठल्याशा गाण्यात कुणी एकटीने गायचं यावरून भांडल्या, त्याला सहा वर्षं झाली. मंडळात शेजारी उभ्या राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. मापाला आल्या तेव्हा एक आत येताना दुसरी बाहेर गेली.

बेकरीवालीच्या खालोखाल वैद्य आणि छडीच्या जरा वर शाळेतल्या बाई, त्यांना धरून हे अकरा झाले. खरी नावं वेगळ्या कागदावर लिहून आत घातली आहेत. मोठ्या आत्याने वाचायला नकोत, तिचे दोघे ओळखीचे निघतील. बाकीचे पंधरा मध्यम. मध्यम माणसांबद्दल कुणी काय लिहायचं?

मला खरं सांग, का विचारतेस?

आत्या

*

१४ मार्च

आत्या,

का म्हणजे? तुझी पत्रं वाचायला मजा येते म्हणून. शिलाईवाल्यांना वाचून दाखवलं, त्यातली एक सुई हातात धरून इतकी हसली की अस्तराला भोक पडलं. अकरा कोट बेतून झाले. पिंपाला कापड किती लागलं ते विचारू नकोस.

पण मध्यम माणसांवर एवढा राग का? मला तर तीच आवडतात. त्यांच्यातही कुणी जरा जास्त मध्यम असेल, कुणी जरा कमी. हळूहळू आठव ना. क्रमाने आठवलंस तर आणखी मजा येईल. जाडीच्या क्रमाने, म्हणजे आपला एक खेळ.

टाचणी

*

१६ मार्च
(समोरून आलेली चिठ्ठी)

ताई, मिळाली! आधीची प्रत जशीच्या तशी आहे. तुमच्या आत्याबाईंनी दोन मार्चला संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सेव्ह केलेली. नावं आणि मापं दोन्ही जागेवर. छापून सोबत पाठवतोय. आता शांत झोपा. आणि पुढच्या वेळी सेव्ह करायच्या आधी चहा घ्या.

*

१७ मार्च

आत्या,

आज एक गंमत झाली. उरलेले कोट बेतायच्या आधी मी तुझी शीट नीट वाचली. सावकाश, ओळीने. इतके दिवस फक्त कौतुक करत होते.

पिंपाची छाती एकोणतीस आहे.

मी दोनदा पाहिलं. एकोणतीस इंच, बाही सोळा. चिमणीची छाती अठ्ठेचाळीस. तुझ्या त्या अंत नसलेल्या शिडीची उंची टपालवाल्यापेक्षा कमी आहे. छडीची कंबर पाहून मी पाणी प्यायले. आत्या, हे मंडळ दौऱ्यावर काय खातं? की तू माप घेतलंस त्या दिवशी दुकानातली हवाच वेगळी होती?

घाई नाही. सावकाश आठवून लिही. गुडघ्याला ताण देऊ नकोस.

तुझी (उंची, छाती, सगळं जागेवर असलेली)
टाचणी

*

२० मार्च, सकाळी

टाचणी,

यात हसण्यासारखं काय आहे? माणसाची अंगं बदलतात. पिंपाने दौऱ्याच्या आधी खाणं कमी केलं होतं, मला स्वतः म्हणाला. चिमणी श्वासाचे व्यायाम करते, त्याने छाती वाढते, कुणालाही विचार. शिडी जरा वाकून उभी राहिली असेल. तू अजून लहान आहेस. मापं घेऊन घेऊन माझे केस पांढरे झाले, तू मला छाती शिकवू नकोस.

आत्या

*

२० मार्च, दुपारी

टाचणी,

सकाळचं पत्र पोस्टात पडलं. पेटीत हात घालून काढता येतं का ते पाहिलं, नाही येत. त्यात लिहिलं ते सगळं खोटं आहे. पिंपाने आयुष्यात कधी खाणं कमी केलेलं नाही.

दोन तारखेला संध्याकाळी मापं भरून झाली. मला वाटलं, नावं अक्षरांच्या क्रमाने लावावीत, तू शिकवलं होतंस तसं. तू बघशील तेव्हा म्हणशील, आत्या काय हुशार. नावांचा रकाना धरला, क्रम लावला, सेव्ह केलं. सेव्ह करायला मी कधी विसरत नाही, तू तेवढं पक्कं शिकवलं आहेस. मग वर पाहिलं तर पिंपापुढे एकोणतीस. फक्त नावं हलली होती. मागे कसं घ्यायचं ते मला येईना. समोर दुरुस्तीवाल्याचं दुकान उघडं होतं, दिवा दिसत होता, पण त्याला काय सांगायचं? की एवढी वर्षं कात्री चालवली आणि एका बोटाने सव्वीस माणसं हरवली?

गुडघ्याला काही झालेलं नाही. मी पळून आले. आणि नुसती पळून आले नाही, त्याहून वाईट केलं. मी तुला मुद्दाम लिहिलं, शीटमध्ये हात घालू नकोस, बघ आणि काप. तू तशी कापली असतीस, कोट चुकले असते, आणि सगळे म्हणाले असते की पोरीच्या हातून बिघडलं. मलाही तसंच म्हणता आलं असतं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. तुझी पत्रं आली आणि मी ओळखलं की तुझ्या लक्षात आलंय आणि तू माझ्याकडून काढून घेते आहेस, मला न दुखवता. तरी मी गप्प बसले.

आता कामाचं. तुझ्या खेळातलं पान खेळते. सोबत दोन कागद आहेत. सव्वीसही जण, जाडीच्या क्रमाने, आणि पुढे कुणाची बाही लांब, कुणाचा खांदा उतरता. डोळे मिटून बसले आणि एकेकाला पुन्हा दुकानात बोलावलं. मला भीती होती की कुणीच येणार नाही. एकेक करून सगळे आले गं. मध्यमसुद्धा.

दुकानाचं काय करायचं ते तू ठरव. मला ठरवायचा हक्क राहिला नाही.

आत्या

*

२० मार्च

आत्या,

सतराचं पत्र टाकलं आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. मी तुला चिमटे काढत होते, पण मीही धुतल्या तांदळासारखी नाही.

सहा तारखेला मी छातीचा क्रम लावताना नावं सोडून बाकीचं सगळं हलवलं आणि सेव्ह केलं. तुझी शीट मी मोडली. "सहज आपलं" हे सगळं नाटक होतं. मापं मोठ्यापासून लहानापर्यंत लागलेली होती, म्हणून मला माणसंही त्याच क्रमाने हवी होती, आणि ती तुझ्याकडून काढत होते. समोरच्या दादांनी आधीची प्रत काढून दिली, त्यात पिंप एकोणतीस दिसला, तेव्हा कळलं की तुझंही काहीतरी चुकलंय. मी तुला सरळ विचारायचं सोडून दात काढले, कारण तुझी चूक सापडली की माझी झाकता येईल असं वाटलं.

अकरा कोट बेतलेत, ते बरोबर असावेत. उरलेल्या पंधरांचं मला काही कळत नाही. अंदाजाने कापायला कात्री उचलते आणि ठेवते. कापड पुन्हा मिळणार नाही. दुकान पडदेवाल्याला दे हवं तर, पण मला त्या पंधरांचा क्रम पाठव. माणसं स्पर्धेत उभी राहणार आहेत, त्यांच्या बाह्या लोंबायला नकोत.

टाचणी

*

२४ मार्च

आत्या,

दोघींची पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. तुझी दोन्ही एकाच दिवशी हातात पडली. आधी सकाळचं वाचलं आणि इतकी हसले की शिलाईवाल्या धावत आल्या. मग दुपारचं वाचलं आणि त्यांना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर जा.

मला राग आला, आत्या. फार आला. चूक केलीस त्याचा नाही. माझ्या अंगावर पडू दिली असतीस, त्याचा. मी रिंगा लावत बसले असते आणि जन्मभर समजले असते की मला येत नाही. दोन दिवस मी तुला उत्तर लिहिलं नाही, ते कामामुळे नव्हे.

मग बेतायला बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. दादांची प्रत आली त्या दिवशी मी आधी रडले होते, कारण माझे कापलेले अकराही कोट तिच्याशी जुळेनात. वाटलं, सगळं कापड वाया घालवलं. पण ती प्रतच उलटी होती. म्हणजे बघ. मी तुझं ऐकलं असतं, शीटमध्ये हात घातला नसता, तर पिंपाचा कोट एकोणतीसचा कापला असता आणि चिमणीचा अठ्ठेचाळीसचा. सव्वीसच्या सव्वीस चुकले असते. मी घोळ घातला म्हणून तुझा घोळ कळला. असा घसघशीत फायदा मला कुठल्याच चुकीने आजवर दिलेला नाही.

आणि हे वाचून तू कपाळावर हात मारून घेशील. दादा म्हणतात, मशीन मागची एक प्रत ठेवतं. दोन तारखेला तू रस्ता ओलांडून गेली असतीस, तर त्यांनी चांगली शीट पाच मिनिटांत काढून दिली असती. मी सेव्ह केलं तेव्हा ती पुसली गेली आणि तिच्या जागी तुझी उलटी शीट बसली. तू लपवलंस, मी सेव्हचं बटण दाबलं. दोघींनी मिळून घालवली.

तुझे दोन कागद भिंतीला लावलेत. मापांशी ताडून पाहिले, जवळजवळ सगळे जुळतात. काल सहा बेतले. आज नऊ बेतीन. तुझा गुडघा बरा आहे हे कळून आनंद झाला, पण मोठ्या आत्याला सांगू नकोस, उशा काढून घेईल.

रागावलेली,
टाचणी

*

६ एप्रिल

आत्या,

चार तारखेला मंडळ दुकानात. सव्वीस माणसं, एक आरसा. पिंपाने बटणं लावली, श्वास घेतला, आणि एकही बटण उडालं नाही. तो म्हणाला, "अरे!" आणि आपल्या टेबलावरच्या टाचण्या खरोखर हलल्या. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. दरवाजा सरळ आत आला नि सरळ बाहेर गेला. चिमणी स्वतःभोवती तीनदा फिरली. टपालवाल्याचा खांदा आरशात समान दिसला, त्याने हात लावून पाहिला आणि खाली बसला. छडीने ढगळ हवा होता म्हणून तोंड केलं, मी ऐकलं नाही.

चोवीस बसले. दोन नाही. अबोला. एकीच्या बाह्या बोटांवर आल्या, दुसरीच्या मनगटाच्या वर राहिल्या. तुझ्या कागदावर दोघींच्या पुढे "सारख्याच" एवढंच लिहिलं होतंस. सारख्या आहेत गं, पण हात नाहीत. मी नावं उलटी लावली होती. बाह्या उसवून पुन्हा लावायला एक दिवस पुरला नसता. दोघी आरशासमोर शेजारी उभ्या, दोघी समोर बघत. मग लांब बाहीवाली म्हणाली, "तुझा दे." सहा वर्षांनी. दुसरीने दिला. कोट बदलले आणि दोन्ही बसले, जसे काही अंगावरच शिवलेले. मग त्या जाईनात. मी दुकान बंद करेपर्यंत बाकावर बोलत बसल्या होत्या.

म्हणजे सव्वीस. तुझ्या अटीप्रमाणे.

स्पर्धेत मंडळ तिसरं आलं. माझ्या मागे बसलेल्या बाई म्हणाल्या, गाणं ठीक होतं, पण कोट बघत राहावेसे वाटले. मी मागे वळून पाहिलं नाही, नाहीतर त्यांना मिठी मारली असती.

आता दुकान. तू म्हणालीस तू ठरव, तर ठरवलं. मी घेते. पाटी रंगवायला दिली आहे, पडदेवाल्याला कळवलं आहे. आणि आता मालकीण म्हणून लिहिते. दुकानात कटिंगसाठी एक माणूस हवं आहे. अनुभवी. माणसं डोळे मिटून आठवणारं. चूक झाली तर त्याच दिवशी रस्ता ओलांडून सांगणारं. अर्ज लेखी हवा. ओळखीच्यांना सवलत मिळणार नाही.

टाचणी, मालकीण

*

९ एप्रिल

मालकीणबाईंना,

आपल्या दुकानात कटिंगसाठी माणूस हवं असल्याचं कळलं, म्हणून हा अर्ज करते आहे.

शिक्षण: शाळा सहावीपर्यंत, पुढचं कात्रीने शिकवलं. अनुभव: एकेचाळीस वर्षं. कॉम्प्युटर: येतो, पण एकटीला सोडू नये. प्रकृती: उत्तम, गुडघा कधीच दुखत नव्हता. चुका: एक. ती लपवली, ही दुसरी. दुसऱ्याच्या माथी जाऊ दिली, ही तिसरी आणि सगळ्यात वाईट. तिच्याबद्दल माफी मागायला मला अर्जात जागा सापडली नाही, म्हणून इथेच मागते.

स्वभाव: तोंडाळ. मालकिणीला ओरडण्याची शक्यता आहे. मालकिणीने उलट ओरडावं.

एक गोष्ट सांगायची राहिली. बटणांच्या मोठ्या डब्यात अगदी तळाशी हात घाल. तिथे माझी किल्ली आहे. तीन तारखेला निघताना मी ती तिथे ठेवली, कारण परत यायचंच नाही असं ठरवून निघाले होते. तेरा तारखेला माझी गाडी सकाळी साडेनऊला पोचते. दार तुलाच उघडावं लागेल.

आत्या